ज्ञानाचे मुक्तद्वार

मुक्तद्वार हा शब्द आपल्याकडे भोजनापुरताच राहिला आहे. उत्सवात मुक्तद्वार असले की येईल त्याने पंगतीला बसावे. कोण, कुठला, हे कोणी विचारायचे नाही. मात्र वरणभाताचा खर्च कोणीतरी केलेलाच असतो. कुठे तो एखादा धनिक करतो, कुठे गावकी वर्गणी काढते. विद्वत्पत्रिकांचे मुक्तद्वार देशोदेशी कसे उघडले, हा इतिहास मी वाचू लागलो तो याच खर्चाच्या कुतूहलाने.

शोधनिबंध छापणाऱ्या पत्रिकांची परंपरा जुनी. १६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग याने रॉयल सोसायटीची पत्रिका काढली, तेव्हापासूनची. पुढे हा व्यवहार मोठा चमत्कारिक झाला. निबंध लिहिणाऱ्या विद्वानाला मोबदला नाही, तो तपासणाऱ्यालाही बहुधा नाही. आणि छापलेला अंक मात्र त्यांच्याच विद्यापीठाने भरमसाट वर्गणी भरून घ्यायचा. शेतकऱ्याने ज्वारी पिकवावी, शेजाऱ्याने ती फुकट पाखडून द्यावी आणि अडत्याने तीच दोघांना दामदुपटीने विकावी, तसला हा प्रकार! विसाव्या शतकाच्या अखेरीस वर्गण्या इतक्या चढल्या की श्रीमंत देशांतली ग्रंथालयेही पत्रिका बंद करू लागली. त्याच सुमारास इंटरनेट आले आणि छपाई-टपालाचा खर्च जवळजवळ उरला नाही.

आता दार प्रथम कोणी उघडले असेल? वाचकांपैकी पुष्कळजण इंग्लंड-अमेरिकेचे नाव घेतील. बुडापेस्टला विद्वान जमले ते २००१ च्या डिसेंबरात, आणि त्यांचा प्रसिद्ध जाहीरनामा निघाला २००२ साली. पण ब्राझीलमध्ये साओ पावलो येथे त्यापूर्वीच, १९९७ साली, अवघ्या दहा पत्रिका घेऊन ‘सायेलो’ हा उपक्रम सुरू झाला होता. पैसा साओ पावलो राज्याच्या संशोधन-निधी संस्थेचा. यात परोपकारापेक्षा गरज अधिक होती. पोर्तुगीज भाषेत लिहिलेले संशोधन युरोप-अमेरिकेच्या सूचीत क्वचितच झळके. जे दिसत नाही ते नाहीच, असा जगाचा न्याय. पत्रिका बहुतेक विद्यापीठांच्या नि विद्वत्सभांच्या हाती असल्यामुळे मधल्या व्यापाऱ्याला उठवण्याचा प्रश्नही नव्हता. चिली लगेच सामील झाला. २००३ साली मेक्सिकोतील तोलुका येथील विद्यापीठाने ‘रेदालिक’ नावाचे असेच दुसरे घर उभारले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत सुंदर प्रकरण होय.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. २०१२ साली फिंच समितीने सांगितले, वाचकाऐवजी लेखकाच्या बाजूने पैसे घ्यावेत. वाचकाला दार उघडले खरे, पण लेखकाच्या दारी जकातनाका बसला. ‘नेचर’ने २०२१ पासून एका मुक्त निबंधासाठी ९,५०० युरो आकारले, म्हणजे आपले आठ लाखांहून अधिक रुपये. अतिगरीब देशांना सवलती असतात. भारताची गणना बहुधा त्यांत होत नाही.

इंडोनेशियाची कथा निराळीच. २०१२ च्या जानेवारीत तेथील उच्च शिक्षण खात्याने फर्मान काढले, की पदवी हवी तर निबंध प्रसिद्ध करा. एवढे निबंध छापायचे कोठे? मग विद्यापीठांनी आपापल्या पत्रिका काढल्या. जॉन विलिन्स्की या प्राध्यापकांच्या पुढाकाराने कॅनडात तयार झालेली, पत्रिका चालवण्याची संगणक-प्रणाली फुकट मिळत होतीच. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने २००३ साली मुक्त पत्रिकांची जागतिक यादी केली तेव्हा तीत तीनशे नावे होती. आज वीस हजारांवर आहेत, आणि इंडोनेशिया ब्रिटनच्या बरोबरीने अग्रभागी बसला आहे. सक्तीने वाढलेली संख्या म्हणजे कस नव्हे, हे उघडच. तरी भाराभर पत्रिका म्हणून नाक मुरडणे मला पटत नाही. तेथील शिक्षकाला आपल्या भाषेत लिहायला जागा मिळाली.

आणि आपण? मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयातून व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ निघते. मुंबईच्याच डॉ. डी. के. साहू यांच्या ‘मेडनो’ने ही आणि अशा इतर वैद्यक पत्रिका इंटरनेटवर वाचकांना खुल्या केल्या, त्याही बहुतांशी लेखकाकडून पैसा न घेता. छापील अंकाची वर्गणी बुडेल ही धास्ती खोटी ठरली; उलट परदेशातून लेख येऊ लागले. २०११ साली ‘मेडनो’ एका बड्या परदेशी प्रकाशनसंस्थेने विकत घेतली. इकडे बढतीसाठी निबंधांची मोजणी सुरू झाल्यावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या दुकानांना ऊत आला. विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ च्या मे महिन्यात आपल्या यादीतून ४,३०५ नावे खोडावी लागली.

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका त्यातून सरकारी विद्यापीठांना व महाविद्यालयांना मिळतात. ब्राझीलही अशी खरेदी २००० सालापासून करतोच, पण सायेलो सांभाळून. आपली पंगत मोठी खरी. पण पाट मांडले आहेत ते निमंत्रितांचे. निवृत्त प्राध्यापक, खाजगी शाळेतला शिक्षक, तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर, हे सारे बाहेरच. परळच्या त्या पत्रिकेतले निबंध मात्र त्या डॉक्टरला आजही फुकट उघडता येतात.