हौस आणि हक्क : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल व दूरचित्रवाणीचा पैसा

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात १९३९ साली दोन घटना घडल्या. ३० सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कमध्ये फोर्डहॅम आणि वेन्सबर्ग यांच्यातील सामना दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला; महाविद्यालयीन फुटबॉलचे ते पहिले प्रक्षेपण. त्या वेळी शहरात दूरचित्रवाणी संचच इतके थोडे होते, की ते पाहणारेही मोजकेच असणार. त्याच वर्षी डिसेंबरात शिकागो विद्यापीठाने, अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांच्या आग्रहाखातर, आपला नामांकित फुटबॉल संघ बंद केला. विद्यापीठाचे काम विद्यादानाचे आहे, करमणुकीचा धंदा चालवण्याचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या ओस पडलेल्या मैदानाच्या प्रेक्षक-सज्जाखालीच २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली नियंत्रित आण्विक साखळी प्रक्रिया घडवून आणण्यात आली. हचिन्स यांच्या वाटेने जाणारी मोठी विद्यापीठे फार थोडी निघाली. बाकीची कॅमेऱ्याच्या वाटेने गेली.

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लांबट अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा. आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन सामन्यांवरून त्याची कल्पना येणार नाही. तेथे हा खेळ व्यावसायिक होण्यापूर्वी महाविद्यालयांतच वाढला. अनेक राज्यांत आजही व्यावसायिक संघ नाही. राज्य विद्यापीठाचा संघ हाच तेथील अभिमानाचा विषय असतो. या खेळात दूरचित्रवाणीचा पैसा बाहेरून शिरला आणि त्याने एक निर्मळ परंपरा नासवली, अशी कथा नेहमी सांगितली जाते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. पैसा विद्यापीठांनी स्वतःच मागितला, त्यासाठी ती आपसांत भांडली, न्यायालयात गेली. या भांडणात खेळाडूचा वाटा किती, हा प्रश्न मात्र अनेक दशके कोणी पटावर येऊ दिला नाही.

पहिले भांडण पैसा मिळवण्याचे नव्हते, गमावण्याचे होते. दूरचित्रवाणी संच घरोघरी येऊ लागताच मैदानावरील तिकीटविक्री घटेल, अशी धास्ती महाविद्यालयांना वाटू लागली. १९५१ साली त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ‘एनसीएए’ने, प्रक्षेपणांवर निर्बंध घालण्याचा ठराव १६१ विरुद्ध ७ मतांनी संमत केला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आपले सामने १९४० पासून दाखवत आले होते. त्याने हा ठराव झुगारला. संघटनेने त्याला दोषी सदस्य ठरवले, प्रतिस्पर्धी विद्यापीठांनी त्याच्याशी खेळण्यास नकार दिला, आणि पेनसिल्व्हेनियाला माघार घ्यावी लागली. पुढची तीन दशके कोणता सामना, कोणत्या वाहिनीवर, किती वेळा दाखवायचा हे संघटनाच ठरवीत असे.

याच काळात एक शब्द घडवला गेला. १९५५ साली कोलोरॅडोतील एका लहान महाविद्यालयाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून दगावला. त्याच्या पत्नीने कामगार-नुकसानभरपाईचा दावा लावला. १९५७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. अशा दाव्यांतून खेळाडू हा विद्यापीठाचा नोकर ठरेल, या भीतीपोटी आपण ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञा घडवली आणि सर्वत्र रूढ केली, असे संघटनेचे दीर्घकाळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ च्या आपल्या आठवणींत नोंदवले आहे. मराठीत हा समास सोडवायचा झाला तर दोन विग्रह संभवतात : विद्यार्थी आणि खेळाडू, किंवा विद्यार्थी असलेला खेळाडू. संघटनेला मात्र विग्रह नकोच होता. नोकर नाही एवढे त्या शब्दाने सांगितले की त्याचे काम झाले.

दुसरे भांडण अधिक मोठे. १९८२ पासून चार वर्षांसाठी एबीसी आणि सीबीएस या वाहिन्यांशी संघटनेने केलेले करार प्रत्येकी १३ कोटी १७ लाख ५० हजार डॉलर्सचे होते. कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा पडद्यावर येऊ शकत नसे. १९८१ साली ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया या अव्वल संघांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखवला गेला. त्याच सुमारास सिटाडेल आणि ॲपलॅचियन स्टेट यांचा सामना अवघ्या चार केंद्रांवरून. चारही संघांना रक्कम मात्र सारखीच मिळाली. लहान महाविद्यालयांच्या दृष्टीने हा न्याय होता. मोठ्यांच्या दृष्टीने लूट. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल केला.

२७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो मान्य केला. पुरवठा मुद्दाम कमी ठेवून किंमत चढी ठेवणे ही मक्तेदारीच आहे, असा न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांच्या बहुमताच्या निकालाचा आशय आहे. विरोधी मत लिहिले ते न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी. नऊ न्यायाधीशांत ते एकटेच असे, की जे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाकडून खेळताना राष्ट्रीय कीर्तीचे फुटबॉलपटू ठरले होते. विद्यापीठांच्या खेळाला निव्वळ व्यापार समजणे हीच मूळ चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

बहुमताच्या निकालाची आणखी एक बाजू आहे. हौशीपणाच्या वंदनीय परंपरेचे रक्षण करण्यात संघटनेची भूमिका मोलाची आहे, आणि खेळाडूंना मोबदला न देणे हा या खेळाच्या वेगळेपणाचाच भाग आहे, असा अभिप्राय स्टीव्हन्स यांनी जाता जाता नोंदवला. वादाचा विषय तो नव्हता. तरीही पुढे अनेक वर्षे खेळाडूंच्या दाव्यांना उत्तर म्हणून हीच वाक्ये पुढे केली जात. म्हणजे एकाच निकालाने विद्यापीठांना बाजार खुला केला आणि त्यांच्याच खेळाडूंना तो बंद ठेवण्यासाठी आधारही दिला.

बाजार खुला झाल्यावर प्रथम घडले ते उलटेच. सामन्यांचा पुरवठा एकदम वाढला आणि भाव कोसळले. मग विद्यापीठांना उमगले, की एकट्याने विकण्यापेक्षा गटाने विकणे फायद्याचे. नोत्र दाम हा मोठा अपवाद. त्याने १९९० साली आपले घरचे सामने एनबीसीला पाच वर्षांसाठी विकले. इतरांचे प्रादेशिक गट, ज्यांना तेथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात, हे मूळचे शेजारधर्मावर उभे राहिलेले : आगगाडीने जाऊन खेळून येता येईल अशा अंतरावरच्या विद्यापीठांचे. आता शेजाराची जागा वाहिन्यांच्या प्रेक्षकसंख्येने घेतली. टेक्सासभोवती वाढलेली साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ साली मोडली. २०२२ साली ‘बिग टेन’ने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलर्सहून मोठा करार केला. २०२४ च्या हंगामापर्यंत पश्चिम किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ या जुन्या गटात दोनच विद्यापीठे उरली. लॉस एंजेलिसची विद्यापीठे सुमारे चार हजार किलोमीटरवरच्या न्यू जर्सीतील रट्गर्सच्या गटात गेली. पॅसिफिकच्या बाजूची स्टॅनफर्ड आणि बर्कली ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये. ‘बिग टेन’मध्ये आता अठरा सदस्य आहेत. नावे तीच राहिली, अर्थ निघून गेले. या फेरमांडणीची किंमत केवळ फुटबॉलपटू मोजत नाहीत. ज्यांचे सामने क्वचितच कोणी पाहते, अशा इतर खेळांतील विद्यार्थ्यांनाही वर्ग बुडवून देशाच्या या टोकापासून त्या टोकाला जावे लागते.

खेळाडूंची पाळी येण्यास ३७ वर्षे लागली. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने, शिक्षणाशी निगडित लाभांवर घातलेल्या मर्यादा बेकायदा ठरवल्या. १९८४ चा तो अभिप्राय बंधनकारक नाही, असे न्यायमूर्ती गोर्सच यांनी स्पष्ट केले. त्यानंतर काही दिवसांतच खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने सुमारे २.८ अब्ज डॉलर्सची मागील भरपाई ठरली, आणि २०२५-२६ साठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर्सपर्यंतची रक्कम खेळाडूंना थेट देण्याची परवानगी मिळाली.

व्हाइट यांचे विरोधी मत आज वाचताना द्रष्टेपणाचे वाटते, परंतु ते पुरते खरे नव्हते. १९८४ पूर्वीही विद्यापीठे व्यापारच करीत होती. फक्त तो एका संघटनेच्या हाती एकवटलेला होता, आणि त्या संघटनेनेच ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द घडवला होता. लहान महाविद्यालयांना मिळणारा वाटा ही त्या व्यवस्थेची खरी जमेची बाजू होती, आणि ती गेली याचे दुःख रास्तच आहे. पण ती जपण्यासाठी खेळाडूचा वाटा नाकारणे आवश्यक होते, हे कोणी सिद्ध केलेले नाही. २०२५ च्या तडजोडीनेही हा खेळाडू विद्यार्थी की नोकर, हा प्रश्न सोडवलेला नाही. सत्तर वर्षांपूर्वी एका विधवेने न्यायालयात विचारलेला प्रश्न हाच होता. तेव्हा वाटण्यासारखे फारसे काही नव्हते, म्हणून तो दुर्लक्षिता आला. आता अब्जावधी डॉलर्स आहेत, आणि त्या समासाचा विग्रह करणे भाग पडणार आहे.