न्यूट्रॉन-शोधनाची द्रव्ये आणि त्यांचे मोल

न्यूट्रॉन विद्युत्‌भाररहित असल्यामुळे पदार्थातून जाताना तो स्वतःची प्रत्यक्ष खूण मागे ठेवीत नाही. त्याला ओळखावयाचे म्हणजे दुसऱ्या एखाद्या द्रव्याची साक्ष घ्यावयाची. ती कोणत्या द्रव्याची घ्यावी, हे केवळ पदार्थविज्ञानाने ठरविले नाही. राज्यांच्या शस्त्रनीतीचाही त्यात वाटा आहे.

पहिला साक्षीदार अगदी साधा होता. बेरिलियममधून निघणाऱ्या प्रारणामुळे पॅराफीन मेणातून वेगवान प्रोटॉन बाहेर पडतात, असे १९३२ च्या जानेवारीत पॅरिस येथे ईरेन क्यूरी व फ्रेदेरिक झोलियो यांना आढळले. त्यांनी ते प्रारण गॅमा किरणांचे मानले. केंब्रिजच्या जेम्स चॅडविक यांनी हायड्रोजन व नायट्रोजन यांच्या अणुगर्भांना बसणारे धक्के ताडून पाहिले आणि फेब्रुवारीत न्यूट्रॉनचे अस्तित्व मांडले. १९३४ मध्ये रोम येथे एन्रिको फेर्मी यांनी मेणामुळे न्यूट्रॉन मंदावतात हे दाखविले. असा मंद न्यूट्रॉन बोरॉन-१० ने ग्रहण केला म्हणजे अल्फा कण व लिथियमचा अणुगर्भ बाहेर पडतात. ते भारित असल्याने मोजता येतात.

या तत्त्वावर बोरॉन ट्रायफ्लुओराइड वायूच्या नळ्या प्रचारात आल्या. परंतु तो वायू विषारी. हेलियम-३ निरुपद्रवी, शिवाय अधिक ग्रहणशील. मंद न्यूट्रॉनांसाठी त्याचा छेद सुमारे ५,३३० बार्न, तर बोरॉन-१० चा ३,८४०. साहजिकच त्याने बोरॉनची जागा घेतली. तथापि त्याची स्वस्ताई उसनी होती. अण्वस्त्रांसाठी निर्मिलेल्या ट्रिटियमच्या क्षयातून तो आपोआप मिळे, आणि मूळ खर्च शस्त्रांच्या खाती पडे. अमेरिकेत ट्रिटियमची निर्मिती १९८८ मध्ये थांबली. २००१ नंतर बंदरांवर व सीमानाक्यांवर शोधकयंत्रे बसू लागली. २००८ च्या सुमारास टंचाई उघड झाली आणि संशोधक पुन्हा बोरॉन व लिथियम यांच्याकडे वळले.

नैसर्गिक बोरॉनमध्ये सुमारे २० टक्के बोरॉन-१० असते. लिथियममध्ये लिथियम-६ सुमारे साडेसात टक्के. द्रव्य विपुल आहे, अडचण रचनेची आहे. बोरॉनचा थर काही मायक्रॉनांहून जाड केल्यास निर्माण झालेले कण थरातच अडकतात. म्हणून अनेक पातळ पृष्ठभाग योजावे लागतात. लिथियम-६ व जस्त सल्फाइड यांचा पडदा जाड केला, तर त्याचा प्रकाश त्यातच अडतो.

म्हणून स्वस्त द्रव्याचा शोध घेताना केवळ बाजारभाव पाहून भागत नाही. हेलियमच्या भावात शस्त्रांचा खर्च दडलेला होता. बोरॉनच्या भावात कारागिरीचा खर्च दिसत नाही. दोन्ही हिशेबांत धरल्यावाचून तुलना अपुरीच राहते.