महाविद्यालयात अत्याचार झाल्यास पहिली धाव कोठे?

वसतिगृहात, स्नेहसंमेलनाच्या धावपळीत वा शैक्षणिक सहलीत विद्यार्थिनीवर लैंगिक अत्याचार झाला, की ती बहुधा प्रथम मैत्रिणीला सांगते आणि मैत्रीण तिला प्राचार्यांच्या दालनाकडे नेते. तेथे संस्थेच्या नावाची, घरच्यांची, परीक्षेची चर्चा सुरू होते आणि मोलाचे तास निघून जातात. वास्तविक पहिली धाव रुग्णालयाकडे घ्यायला हवी. त्यासाठी प्राचार्यांचे पत्र लागत नाही आणि पोलिसांचेही नाही.

घाई करण्याचे कारण वैद्यकीय आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळीही लवकर घेतल्यासच अधिक परिणामकारक ठरते. शरीरावरील नमुने साधारणतः ९६ तासांपर्यंत घेतले जातात. म्हणून शक्यतो अंघोळ टाळावी. त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत घालून सोबत न्यावेत. मात्र अंघोळ झाली वा आठवडा उलटला म्हणून सारे संपले, असे नाही. जखमांची नोंद आणि उपचार तेव्हाही होतात.

रुग्णालय सरकारी असो वा खासगी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार त्याने तत्काळ व विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. नकार देणे हा गुन्हा आहे. तपासणीसाठी तिची संमती आवश्यक असते. कौमार्याची तथाकथित 'टू फिंगर' चाचणी करणारा गैरवर्तनाबद्दल दोषी धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावले आहे. रुग्णालय पोलिसांना कळवते हे खरे. तथापि सज्ञान तरुणीला तक्रार द्यायची नसेल तर तिचा नकार लेखी नोंदवला जातो आणि उपचार थांबत नाहीत. अकरावी-बारावीच्या मुलींची गोष्ट वेगळी. वयाची १८ वर्षे पूर्ण नसतील तर 'पोक्सो' कायद्यानुसार घटना ठाऊक असलेल्या प्रत्येकाने, अगदी वसतिगृहाच्या अधीक्षकांनीही, पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. सहल कोकणात, महाविद्यालय पुण्यात आणि घर लातूरला, अशा मुलीला याचा मोठा आधार आहे. जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो आणि प्राथमिक माहिती अहवालाची प्रत मोफत मिळते. उशीर झाला, एवढ्याच कारणाने नोंद नाकारता येत नाही.

महाविद्यालयाची अंतर्गत तक्रार समिती हा निराळा मार्ग आहे. 'आधी समितीचा निकाल लागू द्या, मग पोलिसांत जा', हा सल्ला अनेकदा सद्हेतूने दिला जातो, पण त्याला कायद्यात आधार नाही. दोन्ही कार्यवाही एकाच वेळी चालू शकतात. समितीला कारावासाची शिक्षा देता येत नाही. तिची उपयुक्तता अन्यत्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार चौकशी चालू असतानाच ती तक्रारदार अथवा आरोपी यांचा वर्ग बदलण्याची, तक्रारदाराला रजा देण्याची, आरोपी प्राध्यापक असल्यास तिच्या उत्तरपत्रिका त्याच्याकडे न जाऊ देण्याची शिफारस करू शकते. ज्या मुलीला उद्या त्याच वर्गात बसायचे आहे, तिच्या दृष्टीने हे खटल्याच्या निकालाइतकेच महत्त्वाचे असते. शैक्षणिक सहली, क्रीडास्पर्धा, महाविद्यालयाची बस हेही या विनियमांच्या कक्षेत येते. मुलगे व तृतीयपंथी विद्यार्थीही येथे दाद मागू शकतात. कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीवर बसता येत नाही. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी घ्यावे लागतात. फलकावर लावलेली समितीची यादी या दृष्टीने एकदा तपासून पाहण्यास हरकत नाही.

समितीकडील लेखी तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. सबळ कारण असल्यास ती आणखी तीन महिने वाढू शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी.

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१ आणि मोफत वकिलासाठी १५१०० हे क्रमांक आहेत. महाराष्ट्रात 'मनोधैर्य' योजनेखालील अर्थसाहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. पीडितेचे नाव उघड करणे हा गुन्हा आहे, वर्गमित्रांच्या ग्रुपवर पाठवलेला निरोपही त्याला अपवाद नाही. समितीकडे वा पोलिसांकडे दिलेल्या प्रत्येक कागदाची तारीख घातलेली पोच मात्र त्याच वेळी मागून घ्यावी.