राष्ट्र जन्माने बनते की हक्काने?

वस्तीतल्या आमच्या अभ्यासवर्गात एक प्रश्न दरवर्षी येतोच. कॉलेजात शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी विचारते, "दादा, आपण जातीवर बोललो की वर्गातली मुलं म्हणतात, तुम्ही देश तोडता. त्यांना काय सांगायचं?" रागाने उत्तर देणे सोपे आहे, पण त्याने समोरचा गप्प होतो, पटत त्याला काहीच नाही. म्हणून आम्ही उलट प्रश्न करतो. तो ज्याला राष्ट्र म्हणतो, ते आले कुठून?

शब्दापासून सुरुवात करू. आपण ज्याला इंग्रजीत 'नेशन' म्हणतो तो शब्द लॅटिनमधल्या 'नातिओ'वरून आला. त्याचा मूळ अर्थ जन्म, जन्मावरून ठरलेला गट. मध्ययुगात पॅरिसच्या विद्यापीठात वेगवेगळ्या प्रदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या गटांनाही हेच नाव होते. आपला 'जाति' शब्दही जन् या धातूपासून, म्हणजे जन्मापासूनच आलेला आहे. भाषाशास्त्राप्रमाणे या दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. बंगालीत तर आजही 'जाति' म्हणजे राष्ट्र असा अर्थ होतो.

मग एकाच मुळातून निघालेले हे दोन शब्द इतके दूर कसे गेले? याचे उत्तर १७८९ च्या फ्रान्समध्ये आहे.

तेव्हाचा फ्रेंच समाज तीन वर्गांत विभागलेला होता. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदार-उमरावांचा आणि तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. पहिल्या दोघांना करांत मोठ्या सवलती आणि जन्माचे मानपान, तिसऱ्याच्या वाट्याला कष्ट आणि कर. त्या वर्षी सिएस नावाच्या पाद्र्याने एक पुस्तिका लिहून विचारले की हा तिसरा वर्ग म्हणजे कोण? त्याचे उत्तर असे होते की हा तिसरा वर्गच राष्ट्र आहे. राष्ट्र म्हणजे एका समान कायद्याखाली जगणारे लोक. ज्यांना वेगळे विशेषाधिकार हवेत, त्यांनी स्वतःलाच राष्ट्राबाहेर ठेवले आहे.

५ मे १७८९ ला व्हर्सायमध्ये तिन्ही वर्गांची सभा सुरू झाली. १७ जूनला तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःलाच राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केले. ऑगस्टमध्ये सरंजामी विशेषाधिकार रद्द झाले, मानवी हक्कांचा जाहीरनामा आला आणि सार्वभौम सत्ता राजाची नसून राष्ट्राची आहे असे त्यात लिहिले गेले. जन्माचा अर्थ बाजूला पडला आणि राष्ट्राला हक्काचा अर्थ आला.

'एक भाषा, एक संस्कृती म्हणजे राष्ट्र' असे सांगणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार यांनी फ्रान्सच्या सभेपुढे अहवाल ठेवला, त्यात किमान ६० लाख फ्रेंच लोकांना फ्रेंच भाषा येतच नाही असे म्हटले होते. म्हणजे राष्ट्र आधी जाहीर झाले आणि एक भाषा नंतर शाळा, सैन्य व सरकारी कचेऱ्यांमधून रुजवली गेली. राष्ट्र अनादी काळापासून तयार असते हा समज इतिहासाला धरून नाही.

मात्र आपण फ्रान्सची आरती ओवाळायला बसलेलो नाही. ज्या सिएसने तिसऱ्या वर्गाला राष्ट्र म्हटले, त्यानेच नागरिकांचे सक्रिय आणि निष्क्रिय असे दोन भाग केले. गरिबांना व स्त्रियांना मताचा हक्क मिळाला नाही. ओलिंप द गूज या लेखिकेने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. फ्रान्सच्या हैती वसाहतीत उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड केले, तेव्हा कुठे १७९४ मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा कायदेशीर केली. शेवटी १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाले. म्हणजे राष्ट्राने स्वतःहून दार उघडले असे कुठेच झाले नाही. बाहेर ठेवलेल्यांनी ते ढकलले, तेव्हाच ते उघडले.

आता महाडला या. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली. तळे सर्वांसाठी खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता, तरी सवर्णांनी परिषदेला आलेल्यांना मारहाण केली आणि नंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. २५ डिसेंबरला पुन्हा परिषद भरली. त्या भाषणात बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेची तुलना व्हर्सायच्या १७८९ च्या सभेशी केली. आपण केवळ पाणी प्यायला आलो नाही, इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला आलो आहोत, हा त्यांचा आशय होता. त्या परिषदेत जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला आणि मनुस्मृती जाळली गेली.

अनेकजण महाडला फक्त अस्पृश्यांचा पाण्याचा लढा म्हणून बाजूला ठेवतात. आमच्या मते ते चूक आहे. जन्मावर आधारलेला कायदा जाळून समान हक्कांचा कायदा मागणे, हेच तर व्हर्सायमध्ये घडले होते. ते फ्रान्समध्ये झाले तर राष्ट्राचा जन्म आणि महाडला झाले तर एका जातीची मागणी, हा कुठला न्याय?

फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँ यांनी १८८२ मध्ये पॅरिसमध्ये राष्ट्र म्हणजे काय यावर व्याख्यान दिले. वंश, भाषा, धर्म किंवा भूगोल यांनी राष्ट्र बनत नाही, सामायिक आठवणी आणि एकत्र जगण्याची इच्छा यांनी ते बनते, असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील ग्रंथात रेनाँचा आधार घेतला आहे. पण रेनाँ यांनी असेही सांगितले की राष्ट्र टिकायला काही गोष्टी विसराव्या लागतात. इथे आपण थांबून विचारले पाहिजे की विसरायचे कोणी? १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला अभिवादन करायला गेलो की आपल्याला सांगतात, जुने उकरू नका. आणि त्याच वेळी गावाबाहेरची वस्ती आणि वेगळे स्मशान तसेच राहते. ज्याची जखम अजून वाहते आहे त्याने ती विसरावी, अशी अपेक्षा करता येत नाही. आधी अन्याय थांबवा, विसरणे मग आपोआप येईल.

जोतीराव फुल्यांनी हेच आधी ओळखले होते. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' मध्ये त्यांनी विचारले की भेदाभेदांनी तुटलेले हे लोक एकमय झाल्याशिवाय इथे राष्ट्र कसे होईल? पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट बजावले की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होऊ शकतील? जाती राष्ट्रविरोधी आहेत, कारण त्या समाजजीवनात फूट पाडतात आणि परस्पर मत्सर निर्माण करतात.

आपले काही मित्र म्हणतात की मग राष्ट्र ही कल्पनाच सोडून द्या, ती त्यांची आहे. आम्हाला हे मान्य नाही. बाबासाहेबांनी राष्ट्र नाकारले नाही. आपण अजून राष्ट्र झालेलो नाही, हे जितक्या लवकर समजेल तितके बरे, असे ते म्हणाले. म्हणजे राष्ट्र हे त्यांच्यासाठी पुढचे काम होते. म्हणूनच संविधानाच्या उद्देशिकेत बंधुता आहे आणि त्या बंधुतेत राष्ट्राच्या एकतेच्या आधी व्यक्तीची प्रतिष्ठा आहे. हा क्रम पाठ करून ठेवा.

तेव्हा वर्गात कोणी म्हणाले की तुम्ही देश तोडता, तर त्याला शांतपणे विचारा, तुझ्या गावात पाणवठा एक आहे का? स्मशान एक आहे का? घर भाड्याने देताना तुझ्या घरचे आडनाव विचारतात का? तुझ्या बहिणीने जातीबाहेर लग्न ठरवले तर तू कोणाच्या बाजूने उभा राहशील? या प्रश्नांची उत्तरे जिथे बदलतील, तिथे राष्ट्र घडेल. ते घडवण्याचे काम महाडला सुरू झाले आहे आणि ते पुढे नेणे ही आपली जबाबदारी आहे.

जय भीम!