सेलवरचे विमान आणि हवाई प्रवासाचा सामाजिक इतिहास

भारतातील नागरी विमान वाहतुकीचा इतिहास सामान्यतः १५ ऑक्टोबर १९३२ पासून सांगितला जातो. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू येथे टपाल आणले. मात्र ज्यांनी विमानात कधी पाऊल ठेवले नाही, अशांच्या मनात हवाई प्रवासाची कल्पना कशी रुजली, याचा विचार फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात त्यासाठी सेलवर चालणाऱ्या खेळण्यातील विमानाकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहिले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी पत्र्याची अशी विमाने मोठ्या प्रमाणावर निर्यात केली. पत्र्यावर रंगीत छपाई, पोटात टॉर्चचे सेल आणि लहानशी मोटर, अशी त्यांची साधी रचना असे. ही विमाने सहसा उडत नसत, ही बाब लक्षणीय आहे. ती जमिनीवर धावत, अडथळा लागला की वळत. प्रोपेलर फिरत, दिवे लुकलुकत, काहींचे दार आपोआप उघडे. पतंग किंवा कागदी विमान उड्डाणाचा आनंद देते. या खेळण्याने नक्कल केली ती प्रवासाची. अंगावर खऱ्या हवाई कंपन्यांची नावे असल्याने ते घरातली जाहिरातही होते. (सेलचा खर्च पुन्हा पुन्हा करावा लागे, हे वेगळेच.) २६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन अमेरिकनचे बोइंग ७०७ न्यूयॉर्क-पॅरिस मार्गावर आले, १९६० मध्ये एअर इंडियाकडेही ते आले. जेटला प्रोपेलर नसल्याने खेळण्यांतही दिवे आणि आवाज यांना महत्त्व आले.

संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावी या बदलाचे वेळापत्रक निराळे होते. येथे रेल्वेही आलेली नाही. एस. टी.ची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी धावली आणि आठवडाभरातच, ८ जून रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ने मुंबईहून लंडनकडे झेप घेतली. जिल्ह्याच्या वाट्याला बस आली. विमान दूरच राहिले. १९६४ मध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला विमान कारखान्याची स्थापना झाली खरी, पण तेथील मिग लढाऊ होते.

खेळणेही दुर्मीळच होते. परकीय चलनाच्या टंचाईमुळे १९५७ पासून आयातीवरील निर्बंध कडक झाले. उपभोग्य वस्तूंवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले आणि चिनी प्लास्टिकच्या विमानांना बाजारपेठ खुली झाली. २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांची सेवा सुरू केली. या दोन घटनांतील जवळीक निव्वळ योगायोगाची वाटत नाही. दोन्हींच्या मुळाशी १९९१ नंतरचे उदारीकरण आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथे शिर्डी विमानतळ सुरू झाला, तेव्हा विमान संगमनेरच्या शेजारी आले.

अशी जुनी खेळणी अभ्यासकाच्या हाती क्वचितच धड स्थितीत येतात. आत राहिलेले सेल गळून तारा आणि पट्ट्या खातात, मोटर बंद पडते. पत्र्यावर छापलेले कंपनीचे नाव मात्र बहुधा वाचता येते.