गाडीची नाडी

नेरळला मुद्दाम असं कोणी येत नाही. नेरळला माणसं गाडी बदलायला येतात. मुंबईचा प्रवासी इथे उतरतो, माथेरानच्या छोट्या गाडीचं तिकीट मिळतं का ते बघतो, नाही मिळालं की टॅक्सीवाल्याशी घासाघीस करतो आणि दस्तुरीच्या दिशेने वर निघून जातो. गावाकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही. मी मात्र १९८१ पासून इथे ठाण मांडून आहे. लोकांना वाटतं, मला इथली हवा मानवली. तसं काही नाही. आमची मोटार मिस्त्रींवाचून राहू शकत नव्हती, मिस्त्री नेरळ सोडायला तयार नव्हते आणि मी मोटारीवाचून राहू शकत नव्हतो. तेव्हा हिशेबाने जे उत्तर आलं ते आलं.

मोटार म्हणजे १९७५ सालची पद्मिनी. सेकंडहँड. आज एखाद्याला वाटेल, त्या काळी माणसं जुनी गाडी का घेत? तर नवी मिळत नसे म्हणून. हा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण आमच्या मिस्त्रींचा धंदा त्यातूनच जन्माला आला.

मुंबईत मोटारी जुळवायला सुरुवात झाली १९२८ साली. जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना काढला. बाहेरून सुटे भाग यायचे, इथे ते जोडायचे. पुढे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, त्या अमेरिकन घाटाच्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण घेतलं की नुसती जोडाजोडी नको, भाग इथेच बनवा. १९५४ साली शिवडीवाल्यांनी गाशा गुंडाळला. कुर्लेकरांनी मात्र इटलीच्या फियाटशी सोयरीक जमवली. पन्नासच्या दशकातल्या त्यांच्या एका वाटोळ्या गाडीला मुंबईने 'डुक्कर फियाट' म्हणून टाकलं, आणि तेही प्रेमानेच. मग १९६४ साली नवी, कोपऱ्या-कोपऱ्याची 'इलेव्हन हंड्रेड' आली. तीच सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ साली 'पद्मिनी'. राष्ट्रपतींची चितोडची राणी झाली, इंजिन मात्र तेच १०८९ सी.सी.चं. बढती झाली की बदली, हे मला अजून उमगलेलं नाही.

बाजारात तिच्या जोडीला काय? अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. कारखान्यांनी किती गाड्या काढायच्या ते लायसन्सवर ठरे. गाडीसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मुलाच्या मुंजीत नोंदणी केली तर त्याच्या लग्नात वरातीला गाडी मिळेल, असा विनोद तेव्हा लोक करत आणि स्वतःच उदास होत. अशा देशात एकदा हाती आलेली मोटार मोडीत काढणं म्हणजे पापच. ती टिकवलीच पाहिजे. आणि टिकवायची तर गावोगाव टिकवणारे हवेत. तेव्हा आपल्याकडचा मोटार-मिस्त्री हा पंचवार्षिक योजनेत कुठेही न लिहिलेला, पण तिच्यातूनच उगवलेला माणूस आहे.

'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज. 'चावी'ही पोर्तुगीज. गाडी इटालियन. गंज मात्र अस्सल कोकणचा.

मिस्त्रींची आणि माझी पहिली गाठ पडली ती जानेवारीतल्या एका पहाटे. कर्जतला मावशीकडे मुक्काम होता. थंडीने गाडी सुरू होईना, म्हणून चोक ओढला, गाडी सुरू झाली, मी खूश झालो आणि निघालो. नेरळच्या नाक्यापर्यंत येता येता मागून आगगाडीसारखा काळा धूर, इंजिनाला उचक्या, आणि शेवटी एक मोठा आचका देऊन सगळं शांत. समोर झाडाखाली एका खोक्यावर एक मध्यम वयाचा माणूस बिडी ओढत बसला होता. तो जागचा हलला नाही. बसल्या जागेवरून त्याने विचारलं,

"साहेब, एकदम बंद पडली का आचके देत पडली?"

"आचके देत."

"गार असताना का गरम झाल्यावर?"

"म्हणजे... गरम झाल्यावर."

"सकाळी हात कशाकशाला लावला होता?"

मला राग आला. डॉक्टरसुद्धा इतकं खोदून विचारत नाहीत. मिस्त्रींनी उठून चारही प्लग काढले, माझ्या पांढऱ्या रुमालावर ओळीने मांडले आणि मला दाखवले. चारही काजळी धरलेले. ते त्यांनी तारेच्या ब्रशाने घासून परत बसवले. मग दरवाजातून आत हात घालून डॅशबोर्डाखालची एक मूठ फक्त आत ढकलली. चोक! मी तो ओढलेलाच ठेवून कर्जतहून आलो होतो.

"किती झाले?" मी मान खाली घालून विचारलं.

"ह्याचे काय पैसे घ्यायचे? चहा सांगा."

पुढे मला कळलं की आपल्या वैद्यकात रोगी तपासण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. मिस्त्रींनी वाग्भट वाचला असण्याचा संभव नाही, पण त्यांची तऱ्हा तंतोतंत तीच.

प्रश्न पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा. इंजिनाला जगायला पेट्रोल लागतं आणि ठिणगी लागते. चालती गाडी दिवा मालवावा तशी फट्‌कन बंद पडली तर बहुधा करंट गेलेला असतो. तार सुटली, पॉइंट चिकटले, कॉइलने मान टाकली. आचके खात, रडत बंद पडली तर पेट्रोलकडे बघायचं. दोन मिनिटांच्या चौकशीत अर्धी गाडी न उघडता निकालात निघते. गाडी खोटं बोलत नाही, मालक बोलतो, असं मिस्त्रींचं मत. आणि मालक खोटं बोलतो ते बहुतेक वेळा लाजेने.

दर्शनाचं शास्त्र रंगांचं. मागून काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जातंय. निळसर आला तर रिंगा झिजून ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही, तर पाणी इंजिनात शिरतंय, हेडचं गॅस्केट बघा. थंडीतल्या पहाटेची वाफ मात्र पांढरी असली तरी निरोगी. तिला घाबरून मी दोनदा मिस्त्रींना झोपेतून उठवलं आहे. प्लग हा तर गाडीची जीभच. बदामी रंगाचा असला तर प्रकृती उत्तम.

स्पर्शनात फॅनच्या पट्ट्यावर अंगठा दाबून ती किती दबते ते बघायचं, बॅटरीचे टर्मिनल हलवून बघायचे. त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी साठली की बॅटरी भरलेली असूनही स्टार्टर नुसता 'टक्' म्हणून गप्प बसतो. गरम पाण्याने धुवायचं, घट्ट आवळायचं, वर व्हॅसलीन. निम्म्या 'मेलेल्या' बॅटऱ्या अशा जिवंत होतात.

यातली पुष्कळशी औषधं आमच्याच स्वयंपाकघरातून गेली. रेडिएटर बारीक झिरपायला लागला की त्यात मूठभर हळद. पेट्रोलच्या टाकीला चीर दिसली की त्यावर कपडे धुण्याचा साबण चोळायचा. तात्पुरता इलाज, पण घरी पोचवणारा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत दमट हवा शिरली की ती टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसून चुलीच्या उबेला ठेवायची. एकदा ही म्हणाली, "अहो, पापड वाळत घालायला जागा नाही आणि तुमच्या गाडीची टोपी काय शेकताय?" नेरळचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला या प्रश्नातलं दुःख कळेल.

आता घाट. माथेरान सुमारे आठशे मीटर उंच. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या ध्यासाने १९०७ साली छोटी रेल्वे सुरू झाली. त्या रुळांनी ही उंची सुमारे वीस किलोमीटर वळसे घेत, वीस फुटांना एक फुटाहून जास्त न चढता गाठली. आमचा मोटाररस्ता तेवढीच उंची आठ-नऊ किलोमीटरांत उरकतो. म्हणजे आगगाडी जिथे शहाणपणाने लांबून जाते तिथे मोटारवाला नाकासमोर जातो आणि तिसऱ्या वळणावर बॉनेट उघडून उभा राहतो.

एप्रिल-मेमध्ये तिथे होणारा खास आजार म्हणजे 'लॉक'. त्या पिढीच्या मोटारींत पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला. घाटात वेग कमी, वारा कमी, इंजिन लालबुंद. पेट्रोलला उकळायला फार ऊन लागत नाही, त्यातून पंपाच्या ओढीने नळीतला दाब कमी झालेला. मग त्याची नळीतच वाफ होते. पंप बिचारा पेट्रोल ओढायचं सोडून वाफ चावत बसतो. उपाय काय? पंपावर ओलं फडकं आणि मालकाच्या डोक्यावर सावली. वीस मिनिटांत गाडी आपण होऊन सुरू होते. ज्यांना हे ठाऊक नसतं ते तेवढ्या वेळात कार्ब्युरेटर खोलतात, आणि मग ती खरोखरच बंद पडते.

पाणी उकळलं तरी तोच मंत्र: थांबा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतलं दाबाखालचं पाणी तोंडावर येतं. कोरड्या, तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जायची भीती. घाटातल्या दुरुस्तीत हातांपेक्षा धीर जास्त लागतो. तो माझ्यापाशी नव्हता, हे पुढच्या गोष्टीवरून कळेल.

१९८६ च्या मे महिन्यात आम्ही दस्तुरीहून उतरत होतो. ही शेजारी, मुलगा मागच्या सीटवर झोपलेला. पेट्रोल वाचवायची मला तेव्हा भारी हौस. उतार आला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि ब्रेकवर उतरायचं. आपण देशाचं परकीय चलन वाचवतो आहोत असं वाटायचं. निम्मा घाट उतरलो आणि जळका वास आला. पुढच्या वळणावर पाय दाबला तो पार फळीपर्यंत गेला. ब्रेक नाही. तसाच दुसरा गियर कोंबला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत उभी राहिली. दुसऱ्या अंगाला काय होतं ते मी बघितलं नाही. हिने बघितलं. ती घरी पोचेपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

मिस्त्री वर आले. त्यांनी चाकाजवळ हात नेला, मागे घेतला आणि फक्त विचारलं, "कुठल्या गियरात उतरत होता?"

इथे मी खोटं बोललो. "तिसऱ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या सीटवरच्या मुलाकडे पाहिलं. म्हणाले, "साहेब, ज्या गियरात चढलात त्याच गियरात उतरायचं. ब्रेक हा थांबायला असतो, उतरायला नसतो." त्यांनी चारही चाकं खोलली, तापून उकळलेलं ब्रेक-ऑइल बदललं, हवा काढली. पैसे घेतले नाहीत आणि चहाही घेतला नाही. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या महिन्यात गाडीला काहीही झालं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मिस्त्रींची खरी विद्या मात्र कानाची. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. वरून टकटक आली तर टॅपेट. खालून जड ठोका आला, तर बेअरिंग. मग मात्र चेहरा गंभीर. आणि दैवाची चेष्टा अशी की साठी ओलांडल्यावर त्यांचा कानच गेला. तोवर जगही बदललं होतं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली होती. विसावं शतक संपता संपता पद्मिनीची पैदास थांबली. पुढे कार्ब्युरेटर गेले, पॉइंट गेले, इंजिनात संगणक बसला. मिस्त्रींचा मुलगा आता गाडीला एक यंत्र जोडतो आणि पडद्यावर आकडा वाचतो. दुखणं बरोबर निघतं, हे कबूल केलं पाहिजे. यंत्र मालकाला प्रश्न विचारत नाही, त्यामुळे खोटं बोलायचीही सोय राहिलेली नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. ती बातमी मी मिस्त्रींना कानाशी ओरडून वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कुर्ल्यात जन्मली, कुर्ल्याच्या भंगारातच जाणार." कारखान्याच्या जागी आता इमारती आहेत, प्रीमियर रोड हे रस्त्याचं नाव तेवढं उरलंय. माझाही विचार तेव्हा गाडी देऊन टाकण्याचा चालला होता. मुलगा म्हणत होता, भंगारवाल्याला बोलवा. ज्या मुलाला त्या दिवशी मागच्या सीटवर काही कळलं नव्हतं, तोच.

"एकदा सुरू करा," मिस्त्री म्हणाले.

मी सुरू केली. मिस्त्रींनी खिशातून तोच स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक इंजिनावर टेकवलं आणि या वेळी मूठ कानामागे न लावता दातांत धरली. डोळे मिटले. मी श्वास रोखून उभा. तपासणी गाडीची चालली होती का त्यांची स्वतःची, ते सांगता येणार नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर तोंडातून काढला. "तिसऱ्याचं टॅपेट ढिलं आहे. बाकी ठणठणीत. कशाला विकता?"

मला एवढा आनंद झाला की पुढे काय बोलावं ते सुचेना. मिस्त्री मागे वळले, थांबले, नाकाने हवा ओढली आणि माझ्याकडे त्याच जुन्या नजरेने पाहिलं.

"साहेब, चोक आत ढकला."