बाळाचे दूध : बोंडल्यापासून दूधपेढीपर्यंत

घरात बाळ जन्मले की पहिला प्रश्न त्याच्या दुधाचा. बाळंतिणीला सल्ला देणाऱ्या दहाजणी भेटतात. हे सल्ले आले कोठून, ते पाहिले म्हणजे त्यांतला कोणता घ्यावा हेही कळते.

पूर्वी आईचा पहिला पिवळसर चीक पिळून टाकीत व बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवीत. आपल्या आज्या-पणज्या अडाणी होत्या असे मात्र नव्हे. सुश्रुतसंहितेतच म्हटले आहे की, आईला दूध तिसऱ्या-चौथ्या रात्री उतरते, तोवर बाळाला मध-तूप द्यावे. आता कळले आहे की, रोगाशी झुंजण्याचे बळ त्या चिकातच असते. म्हणून तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. वर्षाच्या आत मध तर मुळीच देऊ नये. त्यातून क्वचित विषबाधा होते.

आई दगावली किंवा तिला दूध नसले तर दूधआई शोधीत, नाहीतर गाईचे वा शेळीचे दूध बोंडल्याने पाजीत. पुढे युरोपात निराळी वाट निघाली. १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी दूध, गव्हाचे पीठ व साखर यांचे बालान्न विक्रीस काढले. आपल्याकडे म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न करण्याची रीत शोधली आणि १९६० च्या सुमारास आणंदच्या अमूलने ते बाजारात आणले. ज्यांना खरोखर गरज होती, त्यांची त्याने सोय झाली.

पण डब्यामागून जाहिरातही आली. गुटगुटीत बाळाचे चित्र पाहून, अंगावर दूध असलेल्या आयाही बाटलीकडे वळल्या. डबा महाग, म्हणून भुकटी कमी व पाणी जास्त; त्यात पाणी अस्वच्छ, बाटली न उकळलेली. बाळाला हगवण लागे. इकडे बाळ ओढीत नाही म्हणून आईचे दूधही आटे. अशा प्रचाराने बाळे मरतात, हा खूनच समजावा, असे डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापुरात भर सभेत सांगितले. तरी जागतिक आरोग्य संघटनेचे विक्रीविषयक नियम व्हायला १९८१ साल उजाडले. भारताने १९९२ साली कायदा केला व २००३ साली तो कडक केला. डब्यावर बाळाचे चित्र नको, जाहिरात नको, आयांना फुकट नमुने नकोत, असे तो सांगतो.

दूधआईही नव्या रूपाने परत आली. १९८९ साली मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली दूधपेढी सुरू केली. आयांनी दिलेले दूध तेथे तपासून, तापवून, अपुऱ्या दिवसांच्या अशक्त बाळांना देतात.

तेव्हा पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे, वरचे पाणीही नको. डॉक्टरांनीच डबा सांगितला असेल तर पाणी चांगले उकळावे, डब्यावरचे माप चुकवू नये, वाटी-चमच्याने पाजावे व उरलेले टाकून द्यावे. अशा आईला कोणी टोचून बोलू नये.

बाळंतिणीला भेटायला जाताना दुधाचा डबा नेऊ नका. अळिवाचे लाडू न्या आणि घटकाभर तिची धुणी-भांडी उरकून द्या, म्हणजे तिला बाळाला घेऊन निवांत बसता येईल.